खुरावरचा नंबर

नाशकात आम्हाला पहिली जागा मिळाली ती एका खेचरानं मला पसंत केलं म्हणून. हे सांगितलं की ऐकणारे हसतात आणि आमचे हे मान खाली घालतात, कारण त्याच खेचरानं त्यांना नापास केलं होतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. अंबडच्या एका कारखान्यात मला टायपिस्टची नोकरी लागली होती. हे शाळेत मास्तर. तेव्हाचं अंबड म्हणजे चार कारखाने आणि बाकी बाभळी. दर रविवारी आम्ही जागा शोधत फिरायचो. जागा रिकामी असायची, पण आमचं आडनाव ऐकलं की ती तिथल्या तिथं भरायची. कुणाचा पुतण्या राहायला येणार असायचा, कुणाला डागडुजी काढायची असायची. राग यायचा, पण राग घेऊन किती घरं फिरणार? म्हणून लेण्यांच्या डोंगराच्या अलीकडे, नव्या कॉलनीत, एका रिटायर सुभेदाराकडे दोन खोल्या आहेत असं कळलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "चला, आणखी एक पुतण्या बघून येऊ."

सुभेदारांनी आडनाव विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "जनावराची भीती वाटती का?" आम्ही नाही म्हटलं. तसे ते आम्हाला घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेले. आत तपकिरी रंगाचं, भलं थोरलं खेचर उभं होतं. सुभेदार त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "उस्ताद, पावणं आलेत." मग ह्यांना म्हणाले, "गुरुजी, ह्याच्या मागनं पल्याड जा बरं."

आमचे हे स्वभावानं मुखदुर्बळ. चोरासारखे चवड्यांवर गेले. उस्तादनं मागचा पुठ्ठा असा काही हाणला की हे थेट पत्र्यावर. मग माझी पाळी. मला गप्प बसायची सवय नाही, त्यात भीतीनं तोंड जास्तच चालायला लागलं. "अरे बाबा, केवढा रे तू, सरक जरा, मागून येतेय मी, लाथ मारशील तर बघ," असं बडबडत मी पलीकडे गेलेसुद्धा. खेचरानं फक्त एक कान वळवला.

"ताई पास," सुभेदार म्हणाले. "गुरुजी नापास. पर घर बाईमाणसाचं आसतंय. सामान आणा."

असे आम्ही त्यांचे भाडेकरू झालो.

बघून कुणी त्यांना लढाईतला माणूस म्हटलं नसतं. माझ्या डोक्यात फौजी म्हणजे झुपकेदार मिशा आणि खणखणीत आवाज. सुभेदार काटकुळे, मिशी सफाचट, आणि आवाज एवढा हळू की पुन्हा विचारावं लागायचं. गाव कळवणकडचं. लष्करात ड्रायव्हर होते असं कळल्यावर ह्यांनी कौतुकानं विचारलं, कोणती गाडी चालवायचात? तर म्हणाले, "हीच की. चार पायाची." खेचरं सांभाळणाऱ्याला तिकडे ड्रायव्हरच म्हणतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. निवृत्त होताना ते नायब सुभेदार झाले होते. कॉलनीनं त्यातला नायब परस्पर गाळून टाकला.

त्यांच्या काही सवयी अशा होत्या की नव्या माणसाला वाटावं, ह्यांचा एखादा स्क्रू ढिला आहे. कुणाच्याही मागून जाताना ते बोलून जायचे. रेशनची रांग असो, भाजीबाजार असो, "मागनं येतोय, मागनं येतोय" हे चालू. एकदा आमच्या कारखान्यात ते काही कामाला आले आणि थेट मॅनेजरसाहेबांच्या पाठीशी जाऊन हळूच म्हणाले, "मागनं येतोय." साहेबांच्या हातातला चहा शर्टावर. मी खाली वाकून टाइपरायटरची रिबन बदलायचं नाटक करत हसले.

दुसरं म्हणजे, जनावरानं खाल्ल्याशिवाय ते स्वतः खायचे नाहीत. आधी पाणी, मग चंदी, म्हणजे दाणा, मग वैरण, मग सुभेदार. घरात पाहुणे जेवायला बसलेले असले तरी सुभेदार शेडमध्ये. मावशी, म्हणजे त्यांची बायको, ताटावर ताट झाकून वाट बघायची. ती सटाण्याकडची, तोंडानं फटकळ. शेडवरून जाताना ती मुद्दाम डोक्यावर पदर ओढायची, वाकून चालायची आणि आम्हाला डोळा घालून म्हणायची, "हाऊ मना जेठ शे." तिच्या अहिराणीत, हा माझा जेठ आहे. जेठ म्हणजे थोरला दीर. "नवऱ्याच्या आधी ह्याला वाढावं लागतंय, म्हंजी थोरलाच की." आम्ही पोट धरून हसायचो. सुभेदारही गालात हसायचे.

आणि तिसरी सवय अंबडला जाणाऱ्या बसमधून सगळ्या कामगारांनी बघितलेली. रोज सकाळी उजाडलं की दोघं लेण्यांच्या पायथ्यापर्यंत फिरायला जायचे. आता कुणीही जनावराला नेतं ते लगाम धरून, स्वतः पुढे होऊन. इथं लगाम पाठीवर मोकळा टाकलेला. उस्ताद पुढे, आणि सुभेदार त्याची शेपटी मुठीत धरून मागे. थंडीत धुकं पडलं की आधी धुक्यातून खेचराचं तोंड बाहेर यायचं, मग पोट, मग सगळ्यात शेवटी सुभेदार. ते एकटे चालले असले तरी त्यांची उजवी मूठ अर्धवट मिटलेलीच असायची.

मी एकदा विचारलंच, "काका, तुम्ही त्याला फिरवता का तो तुम्हाला?"

"त्याला इचारा," ते म्हणाले.

माझा स्वभाव मुळात चौकस. आई म्हणायची, ह्या पोरीला शेजारच्या घरात फोडणी कशाची पडली ते कळल्याशिवाय झोप येत नाही. त्यामुळे मला सगळ्यात जास्त छळलं ते पदकानं. सुभेदारांना पासष्टच्या लढाईत सेना पदक मिळालं होतं, हे कॉलनीला माहीत होतं. ते घरात काचेच्या कपाटात असेल म्हणून मी पहिल्याच आठवड्यात कपाट बघून आले. तिथं मावशीच्या काचेच्या बरण्या होत्या. पदक शेडमध्ये होतं. एका खिळ्याला जुनापुराणा कॅनव्हासचा तोबरा, म्हणजे जनावराच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, टांगलेला होता आणि त्या तोबऱ्यात फडक्यात गुंडाळून पदक ठेवलेलं.

मी म्हटलं, "अहो काका, इथं उंदीर नेतील की."

"उस्ताद हाय ना."

"आणि तोबरा टांगून ठेवलाय, मग त्याला घमेल्यात का खाऊ घालता? निम्मे दाणे सांडतात."

"तोबरा नको," ते म्हणाले. एरवी ते मान वर करून बोलायचे. तेवढ्यापुरतं त्यांनी घमेलं खडखडवलं आणि सांडलेले हरभरे एक एक करून वेचत बसले.

पदक कशाबद्दल मिळालं, हे विचारलं की उत्तर ठरलेलं. "उस्तादनं मिळवलं." लोकांना वाटायचं चेष्टा. मी मावशीकडे मोर्चा वळवला. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मला काय म्हाईत, बाई? लढाईला गेला तवा बोलत व्हता, आला तवा गप झाला. रिटायर झाल्यावर कळवणला वर्षभर भिंतीकडं तोंड करून बसला व्हता. जेवण जाईना. हा खेचर आला तवा जेवाया लागला."

ते वाक्य माझ्या डोक्यात कुठंतरी अडकून राहिलं. हा आला तेव्हा. म्हणजे लढाईतून बरोबर नाही आला? पण मावशीनं भाकरी तव्यावर टाकली आणि विषय तिथंच थांबला.

खेचराला काम नसलं की ते बिघडतं, असं सुभेदारांचं म्हणणं. म्हणून त्यांनी कॉलनीतल्या बायकांचं दळण अंगावर घेतलं. गिरणी हमरस्त्यापलीकडे, चांगली लांब. रविवारी सकाळी बायका डबे आणून द्यायच्या, सुभेदार ते खोगिराला दोन्ही बाजूंनी वजन बघून बांधायचे, आणि मिरवणूक निघायची. एका बाजूचा डबा जड झाला तर ते दुसरीकडे दगड टाकायचे, पण पाठ तिरपी होऊ द्यायचे नाहीत. पैसे घ्यायचे नाहीत. कुणी फारच आग्रह केला तर मूठभर गूळ मागायचे, आणि तोसुद्धा उस्तादला. कॉलनीतल्या बायका ह्या कारभारावर खूश होत्या.

पुरुषांचं तसं नव्हतं. विशेषतः कॉलनीच्या अध्यक्षांचं. त्यांच्या घराची भिंत शेडला लागून. नुकत्याच नव्या फरश्या बसवलेल्या, दिवाणखान्यात नवा टीव्ही आलेला, आणि भल्या सकाळी भिंतीपलीकडून खेचर रेकतंय. त्यांच्याकडे मुलीला बघायला मंडळी आली होती तेव्हा तर उस्तादनं अशी तान घेतली की मुलाकडच्यांनी विचारलं, हे काय आहे? अध्यक्षांनी ते मनाला लावून घेतलं. सह्या गोळा झाल्या आणि पालिकेकडे अर्ज गेला. आठवड्याभरात पालिकेचा माणूस दारात हजर.

तो बिचारा भला होता. म्हणाला, "सुभेदार, वस्तीत असं जनावर ठेवता येत नाही. गावाकडे न्या, नाहीतर विकून टाका."

गावाकडे सुभेदारांची जमीन राहिली नव्हती. आणि विकायचं म्हणजे कुणाला? खेचर घेणारा एकच, वीटभट्टीवाला. तिथं जनावर दोन वर्षं टिकत नाही. हे शेडपाशी जमलेल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सुभेदारांनी उस्तादची आयाळ मुठीत घट्ट धरली होती. मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं बघितलं.

मग ते एकदम खाली बसले, उस्तादचा पुढचा डावा पाय उचलून गुडघ्यावर घेतला आणि खूर पुसला. खुरावर आकडे डागलेले होते.

"हा लष्करी नंबर हाय," ते म्हणाले. "पासष्टला दारूगोळा वर नेला तो ह्यानंच. उस्ताद नाव फौजेतलं. रिटायर झाला आन मला दिला."

पालिकेच्या माणसानं वाकून आकड्यांवरून बोट फिरवलं. उठला तेव्हा त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. "आता नोटीस काढू तरी कुणाच्या नावानं?" असं म्हणून, चहा पिऊन तो गेला.

मी मावशीकडे बघितलं. असल्या प्रसंगी ती काहीतरी खमंग बोलणार म्हणून. ती पदराला हात पुसत घरात निघून गेली.

अध्यक्ष मात्र एका दिवसात बदलले. काल ज्याच्या शेणाची तक्रार केली तो आता त्यांचा अभिमान झाला. "आमच्या भिंतीला लागून राहतो," असं ते पाहुण्यांना सांगायला लागले. पंचवटीतून, नाशिकरोडहून लोक रविवारी पोरांना घेऊन खेचर बघायला यायचे. पोरं त्याला सलाम ठोकायची. सुभेदारांनी आनंदून जायला हवं होतं की नाही? तर उलटंच. लोक आले की ते शेडच्या मागे जाऊन बसायचे. फिरायला अंधारातच निघून जायचे. दोन घास कमी खायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, गर्दीत जनावर बिचकतं." उस्ताद तर मजेत लोकांच्या हातचा गूळ खात होता. बिचकलं होतं ते माणूस.

आणि एका सकाळी मला ते दिसलं. शेडमधून केस जळल्यासारखा वास आला म्हणून मी धावत गेले. सुभेदार तापलेल्या लोखंडानं उस्तादच्या खुरावर आकडे डागत होते. उस्ताद निवांत.

"अहो, दुखेल त्याला."

"नख कापताना दुखतं का? हे नखच." लोखंड पाण्यात बुडवत ते म्हणाले, "खूर वाढतो. नंबर खाली खाली सरकतो आन नाल मारताना घासून जातो. दर पाच-सहा महिन्यांनी नवा घालावा लागतोय. न्हाईतर पुसून जाईल."

"म्हणजे हा तुम्ही घातलेला नंबर आहे?"

त्यांनी खुरावरची काजळी अंगठ्यानं पुसली. "नंबर फौजेचा," ते म्हणाले. "घालतो मी."

मी खोलीत येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तू आता ह्यात नाक खुपसू नकोस." मी नाक खुपसलं नाही. पण ते शांत थोडंच राहतंय? मावशीचं ते वाक्य पुन्हा आठवलं. हा खेचर आला तवा.

त्या सव्वीस जानेवारीला अध्यक्षांनी झेंड्यानंतर सत्कार ठरवला. सुभेदारांचा आणि उस्तादचा, दोघांचा. प्रमुख पाहुणे म्हणून देवळाली कॅम्पातले एक निवृत्त मेजर येणार होते. अध्यक्ष मला म्हणाले, "मुद्दाम शोधून आणलेत. लष्करात जनावरांचे डॉक्टर होते." मी हे घरी येऊन मावशीला सांगितलं. तिच्या हातातलं सूप खाली पडलं. सगळे तांदूळ अंगणात.

"काय झालं, मावशी?"

"काय नाय," ती म्हणाली. "दात बघंल तो."

त्या वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला. खेचराचं वय दातावरून कळतं, एवढं मलाही माहीत होतं. पासष्टला लढाईत गेलेलं खेचर आता चांगलं म्हातारं असायला हवं होतं. मी मावशीकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी तांदूळ वेचायला बसलो. उस्तादचं कॉलनीतलं राहणं त्या लष्करी नंबरावर टिकून होतं, हे आम्हा दोघींना कळत होतं. मी सुभेदारांना म्हटलं, जनावर आजारी आहे असं सांगू, नकोच आणायला. ते म्हणाले, "फौजेचा साहेब येतोय. हजर तर व्हावंच लागंल."

कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव घातला होता. सकाळचं धुकं अजून पुरतं गेलं नव्हतं. सूत्रसंचालन आमच्या ह्यांच्याकडे, म्हणून मी अगदी पुढच्या रांगेत. उस्तादला खरारा करून चकचकीत केलेलं. सुभेदार त्याच्याशेजारी सावधानमध्ये उभे, अंगावर जुना कोट, छातीवर पदक. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा तोबऱ्याबाहेर बघितलं.

मेजरसाहेब उंच, पिकलेले, चष्मा लावलेले. झेंडा झाल्यावर ते उस्तादजवळ आले. आधी त्याच्याशी बोलले, मग मागून फिरून आले. पास, मी मनात म्हटलं. मग सवयीनं त्यांनी उस्तादचा ओठ वर केला. दात बघितले. पुन्हा बघितले. मग सुभेदारांकडे बघितलं. माझ्या शेजारी मावशीनं माझं मनगट एवढं आवळलं की बांगडी रुतली.

"सुभेदार साहब," मेजर अगदी हळू म्हणाले, "ये तो अभी जवान है."

"जी साहब," सुभेदार म्हणाले.

मेजरांनी ओठ खाली सोडला, हात रुमालाला पुसले आणि मोठ्यानं अध्यक्षांना म्हणाले, "बहुत अच्छा रखा है जानवर. बहुत अच्छा." आणि जाऊन खुर्चीवर बसले.

सुटलो. मावशीनं माझा हात सोडला. आता दोन भाषणं, दोन हार आणि चहा, की झालं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, तुफान गोळीबारात आमच्या सुभेदारांनी ह्या खेचराला हाकत हाकत वर नेलं, चौकी वाचवली, आणि आज तोच शूर उस्ताद आपल्यासमोर आहे. टाळ्या झाल्या. त्यांनी झेंडूचा भला मोठा हार उचलला आणि उस्तादच्या गळ्यात घालायला पुढे झाले.

सुभेदारांनी हात आडवा घातला.

"हार ह्याचा नाय," ते म्हणाले.

अध्यक्षांना वाटलं नम्रता. ते हसत हार तसाच पुढे न्यायला लागले. सुभेदारांनी हार त्यांच्या हातातून काढून घेतला आणि मेजरांकडे तोंड करून उभे राहिले. माईक होता, पण ते माईककडे गेले नाहीत. त्यामुळे मागच्या लोकांना ऐकायला पुढे यावं लागलं.

"साहेब, रिपोर्ट देतो. त्या दिवशी धुकं व्हतं. वरच्या चौकीतला दारूगोळा संपत आला व्हता. आमी खेचरं घिऊन निघालो. वाटंत गोळे पडाया लागले, बाकीची मागं राहिली. मला वाट दिसंना. उस्ताद आदल्या दिशी त्या वाटंनं गेला व्हता. मी लगाम सोडला आन त्याचं शेपूट धरलं. हाकलं बिकलं नाय मी. डोळं मिटून घेतलं व्हतं. त्यानं मला वर नेलं. वर साहेब म्हणाले, शाबास. ती शाबासकी मी घेतली."

मेजर खुर्चीवर पुढे सरकून बसले.

"उतरताना गोळ्याचा तुकडा लागून उस्तादचा पाय मोडला. मोडक्या पायाचं जनावर त्या डोंगरातनं खाली आणता येत नाय. आन रेकलं तर वैऱ्याला कळतं. हुकूम झाला. बंदूक माझ्याकडंच व्हती. मी त्याच्या तोंडाला तोबरा बांधला. त्यात दाणं घातलं. तो खायाला लागला. मग..." इथं ते थांबले. हातातला हार त्यांनी दोन्ही मुठींत धरला होता. "त्याला वाटलं, दाणा दिला, म्हंजी मुक्कामाला आलो."

मी पदरानं डोळे पुसले. आमचे हे माईकपाशी उभे होते, त्यांना काय करावं सुचेना.

"हा मला घोटीच्या बाजारात भेटला," सुभेदार उस्तादच्या मानेवर हात ठेवून म्हणाले. "वीटभट्टीवरचा. पाठ सोललेली व्हती. ह्याला नाव नव्हतं, नंबर नव्हता. म्या दिला. त्या दिशी पालिकेच्या माणसाला मी खोटं बोललो. गुन्हा माझा हाय. जनावराचा नाय."

अध्यक्षांचा चेहरा पडला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे हे साधंच खेचर?" दुसरं कुणी म्हणालं, "मग अर्जाचं काय?" मला त्या माणसाच्या तोंडात मारावंसं वाटलं.

तेवढ्यात मावशी माझ्या शेजारून उठली. ती भर मांडवातून चालत उस्तादपाशी गेली. डोक्यावर पदर ओढला, खाली वाकली आणि त्याच्या खुराला हात लावून नमस्कार केला. मग अध्यक्षांकडे वळली.

"हाऊ मना जेठ शे," ती म्हणाली. "ह्याला काढायचं तर आधी मला घराभाईर काढा."

तेच वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं. त्या दिवशी कुणीच हसलं नाही.

अध्यक्ष मेजरांकडे बघायला लागले. मेजर उठले. सावकाश चालत आले, चष्मा पुसला, उस्तादचा पुढचा पाय उचलून खुरावरचा नंबर नीट वाचला. मग पाय खाली ठेवला आणि म्हणाले, "सुभेदार साहब, इसका नाल ढीला है. कल ठीक करवाइए."

"जी साहब," सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू गेला.

हार त्यांनी घरी नेला आणि तोबऱ्याला घातला.

अर्जाचं पुढे काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. पुढच्या रविवारी अध्यक्ष तोंड पाडून ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांच्या बायकोनं त्यांच्या देखत दळणाचा डबा उचलला, शेडपाशी नेऊन ठेवला आणि म्हणाली, "काका, गहू जरा बारीक सांगा." त्यानंतर तो विषय कॉलनीत कुणी काढला नाही. त्या दिवसापासून सुभेदार जेवायलाही नीट लागले. फिरायला पुन्हा उजाडल्यावर जायचे, शेपूट धरून. आता बसमधले लोक हसायचे नाहीत. एक-दोघं तर हात वर करायचे.

पुढे सात-आठ वर्षांनी आम्ही गंगापूर रोडला स्वतःचं घर बांधलं आणि तिकडे गेलो. येणं-जाणं कमी झालं, जसं होतं तसं. सुभेदार गेल्याचं कळलं तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. भेटायला गेले ती चांगली वर्ष-दीड वर्षानं, मुलीला कडेवर घेऊन.

कॉलनी ओळखू येईना, एवढी भरली होती. पण पत्र्याची शेड होती. मी मागच्या बाजूनं गेले आणि विचार न करताच म्हणाले, "मागून येतेय गं, मावशी." आतून उस्तादनं कान वळवला. त्याच्या तोंडाजवळचे केस पांढरे झाले होते. खिळ्याला तोबरा तसाच होता.

नाल ठोकणारा माणूस खाली बसून खूर तासत होता आणि मावशी त्याच्या डोक्यावर उभी होती. डोक्यावर पदर. तिच्या हातात तापलेल्या लोखंडाची मूठ, फडक्यात धरलेली.

"काकू, आता कशाला नंबर?" तो माणूस म्हणत होता. "जनावर म्हातारं झालं. काम नाही, धाम नाही. बघणारे सुभेदारही गेले."

"खूर वाढायचा थांबला का?" मावशी म्हणाली.

"नाही. वाढतोय की."

"मग घाल," ती म्हणाली आणि लोखंड त्याच्या हातात दिलं.